एआय मराठी लिहू लागले, आता आपल्या तरुणांसाठी काम कुठे आहे?

गेल्या भीमजयंतीला आमच्या अभ्यासिकेने सोळा पानांची पुस्तिका काढायचे ठरवले. मजकूर जमवण्याचे काम कॉलेजात जाणाऱ्या दोन मुलांनी अंगावर घेतले आणि एका रात्रीत पूर्णही केले. चॅटजीपीटीला प्रश्न विचारायचे आणि आलेले उत्तर उतरवून घ्यायचे. भाषा सफाईदार होती. स्त्रीशिक्षणाच्या पानावर बाबासाहेबांचे म्हणून एक वाक्य होते, खाली खंड क्रमांक आणि पान क्रमांकही होता. छपाईला जाण्याआधी अभ्यासिकेतल्या एका ताईंनी कपाटातून तो खंड काढला. त्या पानावर ते वाक्य नव्हते. सगळा खंड चाळूनही सापडले नाही. शेवटी ते पान रद्द करावे लागले.

त्याच आठवड्यात वस्तीत डीटीपी आणि झेरॉक्सचे दुकान चालवणारा आमचा एक मित्र सांगत होता, "अर्ज टाइप करायला आता फारसे कोणी येत नाही. लोक मोबाईलवर तयार करून आणतात आणि फक्त प्रिंट मागतात." अभ्यासिकेतल्या आणखी एका मुलाने ‘एआय शिका, घरबसल्या लाख रुपये कमवा’ अशा जाहिरातीला भुलून घरच्यांनी साठवलेले पैसे एका कोर्समध्ये घातले होते. त्याला शिकवले ते यूट्यूबवर फुकट मिळते तेवढेच.

या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. मजकूर तयार करणे आता जवळपास फुकट झाले आहे. मग टायपिंग, भाषांतर, डीटीपी यांवर घर चालवणाऱ्या आपल्या तरुणांनी पैसे कशाचे घ्यायचे? आमचे उत्तर असे की, मजकूर बरोबर आहे हे तपासण्याचे आणि त्याची जबाबदारी घेण्याचे. हे उत्तर कसे आले, ते सविस्तर पाहू.

हे इतक्या लवकर कसे पसरले?

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसाठी खुले झाले. दोनच महिन्यांत त्याचे महिन्याचे वापरकर्ते दहा कोटींवर गेल्याचा अंदाज तेव्हा प्रसिद्ध झाला होता. २०२४ मध्ये व्हॉट्सॲपमध्येच मेटा एआय आले, त्यामुळे वेगळे ॲप घेण्याचीही गरज उरली नाही. २०२५ मध्ये एअरटेल आणि जिओ या कंपन्यांनी अशा साधनांच्या पैसे भरून मिळणाऱ्या योजना आपल्या ग्राहकांना ठराविक काळासाठी मोफत दिल्या. सरकारी पातळीवर २०२२ मध्ये ‘भाषिणी’ सुरू झाले. आयआयटी मद्रासच्या ‘एआय४भारत’ गटाने २०२३ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांसाठी भाषांतराचे खुले मॉडेल दिले. सर्वोच्च न्यायालय तर २०१९ पासून निकालांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ हे साधन वापरते.

मोफत योजनेची मुदत संपली की पैसे मागितले जातील, हे मात्र लक्षात ठेवावे. आज सवय लावून घ्यायची आणि उद्या बिल भरायचे, हा व्यापाराचा जुनाच हिशेब आहे.

हे यंत्र मराठी कसे लिहिते?

ही साधने पुस्तक उघडून उत्तर शोधतात, असा अनेकांचा समज आहे. मुळात ती प्रचंड मजकुरावर शिकवलेली असतात आणि एका शब्दामागून कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज बांधत वाक्य पुढे नेतात. काही साधने आता इंटरनेटवर शोध घेऊन उत्तर देतात, पण वाक्य जुळवण्याची रीत तीच. म्हणून ‘बाबासाहेब स्त्रीशिक्षणाबद्दल काय म्हणाले’ असे विचारले की बाबासाहेबांच्या धाटणीचे वाक्य तयार होते, आणि संदर्भ मागितला तर संदर्भासारखा दिसणारा आकडाही तयार होतो. यंत्राचा हेतू फसवण्याचा नसतो. खरे काय आणि खरे वाटेल असे काय, यातला फरक त्याला आपल्यासारखा कळत नाही, एवढेच.

मराठीत ही अडचण वाढते. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटींहून अधिक आहेत. पण या यंत्रांना शिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इंटरनेटवरील मजकुरात मराठीचा वाटा एक टक्क्यापेक्षाही बराच कमी आहे. त्या थोड्या मराठीत आपल्या चळवळीची नियतकालिके, आपल्या लेखकांचे साहित्य, आपल्या विहारांतली भाषा किती असेल, याचा विचार करा.

आपल्याबद्दल ते कुठे चुकते?

चुका तीन प्रकारच्या आढळतात. पहिली शब्दांची. इंग्रजी धम्मपुस्तकाचे भाषांतर करायला दिले की ‘शील’ ऐवजी ‘उपदेश’ येतो आणि ‘सम्यक आजीविका’ची ‘योग्य नोकरी’ होते. वाक्य व्याकरणात बसते, पण धम्म त्यातून निसटतो.

दुसरी चूक नियमांची. आमच्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याला मोबाईलने सांगितले होते की शिष्यवृत्तीसाठी नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आण. ते प्रमाणपत्र ओबीसी आणि इतर काही प्रवर्गांना लागते, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला लागत नाही. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, असेही उत्तर एकदा आले. १९९० च्या कायदा दुरुस्तीने तो प्रश्न सुटला आहे. अशा एका चुकीच्या वाक्यामुळे फॉर्मची तारीख निघून जाते आणि एखाद्या मुलाचे वर्ष वाया जाते.

तिसरी चूक पूर्वग्रहाची. २०२३ मध्ये ऑक्सफर्डमधील संशोधकांनी भारतातील जात आणि धर्म यांवरच्या वाक्यांचा एक संच तयार करून काही मॉडेल्स तपासली. त्यांतल्या बहुतेकांनी दलित आणि मुस्लिमांविषयीचे साचेबद्ध, हिणवणारे पर्यायच जास्त वेळा निवडले. समाजाने जे लिहून ठेवले, तेच यंत्र शिकले.

कालाम सुत्तात भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले की, परंपरेने आले, ग्रंथात आहे, तर्काला पटते किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्याने काही स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. त्या यादीत आज ‘मोबाईलने सांगितले’ हेही धरायला हरकत नाही.

मग रोजगार कुठे आहे?

जिथे चूक महागात पडते, तिथे तपासणाऱ्या माणसाला किंमत असते. आम्हाला चार ठिकाणे दिसतात.

पहिले, तपासलेले भाषांतर. संस्थांचे अहवाल, प्रकल्प प्रस्ताव, प्रशिक्षणाची पुस्तके, कंपन्यांची माहितीपत्रके यांचा कच्चा मसुदा यंत्राकडून घ्यायचा आणि ओळ न् ओळ मूळ मजकुराशी ताडून पाहायची. इंग्रजी आणि मराठी दोन्ही नीट येणाऱ्या आपल्या पदवीधरांसाठी हे काम आहे. काम घेतानाच शब्दांची यादी करून ठेवावी. एकदा ‘शील’ ठरले की पुस्तकभर ‘शील’च राहिले पाहिजे.

दुसरे, आवाजाचा मजकूर. आपल्याकडे धम्मप्रवचने, परिषदांची भाषणे, ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या मुलाखती यांच्या कॅसेट आणि फायली घरोघरी पडून आहेत. दोन तासांचे भाषण उतरवायला आम्हाला पूर्वी दोन दिवस लागत. आता कच्चा मसुदा काही मिनिटांत मिळतो, पण नावे, गावे आणि पाली शब्द दुरुस्त करायला अर्धा दिवस तरी जातो. त्या अर्ध्या दिवसाचेच पैसे घ्यायचे. व्हिडिओंना मराठी आणि इंग्रजी उपशीर्षके देणे हेही याच जातीचे काम. हक्क ज्यांचे आहेत त्यांची परवानगी मात्र आधी घ्यावी.

तिसरे, अर्ज आणि योजनांचे मदत केंद्र. स्वाधार योजना, परदेश शिष्यवृत्ती, जात पडताळणी यांसाठी लोकांना टायपिंग नको असते, अर्ज परत येणार नाही याची खात्री हवी असते. डीटीपीवाल्या मित्राला आम्ही हेच सुचवले. आता तो ताज्या शासन निर्णयांच्या प्रती फाईलला लावून ठेवतो, कागदपत्रांची यादी करून देतो आणि त्याचे वेगळे पैसे घेतो. दुकान पुन्हा धरायला लागले आहे.

चौथे, छोट्या धंद्यांची भाषा. बचत गटाचे मसाले, खानावळ, शिवणकाम, इलेक्ट्रिशियन यांना व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग, दरपत्रक, गिऱ्हाइकांना पाठवायचे संदेश लागतात. एका मुलीला अशी दहा दुकाने महिन्याच्या कामावर मिळाली, तर तिचे बस्तान बसू शकते.

यंत्रांना शिकवण्यासाठी आवाज आणि वाक्ये देण्याचेही काम निघाले आहे. बंगळूरूची ‘कार्या’ ही संस्था भारतीय भाषांत असे काम ग्रामीण लोकांकडून करून घेते आणि त्याचा मोबदला देते. असे काम घेताना पैसे किती, कधी आणि आपल्या आवाजाचे पुढे काय होणार, हे लेखी विचारावे.

सुरुवात कशी करावी?

सुरुवातीला कोर्सवर पैसे घालू नका. मोफत साधनांवर महिनाभर रोज एक पान भाषांतर करून तपासा आणि चुकांची वही ठेवा. तीच वही पुढे तुमचे भांडवल ठरेल. काम मिळू लागले की उद्यम नोंदणी करा. ती पूर्णपणे मोफत आहे, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. संगणक-प्रिंटरसाठी मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत विनातारण कर्ज आहे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीच आहेत. जिल्हा कार्यालयात जाऊन आज कोणती योजना चालू आहे, ते समक्ष विचारा.

आणखी एक गोष्ट फार थोड्या तरुणांना माहीत असते. केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची आहे, आणि त्यात ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा आहे. यात सेवाही येतात. एकट्याने जमत नसेल तर चार-पाच जणांनी मिळून गट करावा. एकाने भाषांतर करावे, दुसऱ्याने तपासावे, तिसऱ्याने हिशेब पाहावा.

काय करू नये?

अत्याचाराच्या प्रकरणातली फिर्याद, पीडितांची नावे, आधार कार्ड, जातीचे दाखले या साधनांत टाकू नका. ती माहिती आपल्या ताब्यात राहत नाही. मदत हवीच असेल तर नाव, गाव, क्रमांक काढून टाका. आपल्यावर विश्वास टाकून आलेल्या माणसाची सुरक्षितता कोणत्याही सोयीपेक्षा मोठी आहे.

बाबासाहेबांच्या किंवा बुद्धांच्या नावाने न तपासलेले वाक्य छापू नका, पुढेही पाठवू नका. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले खंड उपलब्ध आहेत. वाक्य मूळ जागी सापडले तरच घ्यावे. चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे, आणि ‘यंत्राने लिहिले’ ही त्यातून सुटका नाही. सम्यक आजीविका म्हणजे दुसऱ्याचे नुकसान न करता मिळवलेली भाकर. खोट्या परीक्षणांचे, बनावट बातम्यांचे, कॉपी करून दिलेल्या प्रबंधांचे कामही आज मिळते आणि पैसेही बरे मिळतात. ते नाकारण्याची तयारी ठेवा.

भाषा कोणाच्या हाती?

विनयपिटकात एक प्रसंग आहे. दोन ब्राह्मण भिक्खूंनी बुद्धवचन छंदस् भाषेत बसवण्याची परवानगी मागितली. भगवंतांनी ती नाकारली आणि धम्म लोकांच्या आपापल्या भाषेत शिकण्यास मुभा दिली. ‘मूकनायक’ची पैसे देऊन केलेली जाहिरातही ‘केसरी’ने छापली नव्हती. पुढे बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभा केला. पाली शब्दकोशाचे त्यांचे काम खंड १६ मध्ये आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा मिळाला. पण दर्जा मिळाला म्हणून यंत्राला आपली भाषा येत नाही. ती आपल्यालाच, तपासलेल्या स्वरूपात, इंटरनेटवर आणावी लागेल.

आमच्या अभ्यासिकेत आता एक नियम आहे. छापायला जाणाऱ्या प्रत्येक पानाखाली ते तपासणाऱ्याचे नाव पेन्सिलीने लिहायचे. ज्या मुलांनी ती पुस्तिका एका रात्रीत केली होती, तीच दोघे आता खंड उघडून सर्वात आधी बसतात. येत्या ६ डिसेंबरसाठी त्यांनी दुसऱ्या एका संस्थेच्या पुस्तिकेचे तपासणीचे काम घेतले आहे. त्यांच्या कामाचे हे पहिले पैसे असतील. आपल्या प्रत्येक विहारात, प्रत्येक अभ्यासिकेत अशी एक जोडी उभी राहावी, एवढीच आमची विनंती आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!