कम्मनियाम आणि चाळीसगावचा टांगा

जग कसे आहे आणि माणसाने कसे वागावे, या दोन प्रश्नांचा तात्त्विक पाया एकच आहे काय? ब्राह्मणी परंपरेचे उत्तर होकारार्थी होते. पुरुषसूक्तात सृष्टी आणि वर्णांची उतरंड एकाच यज्ञातून निघतात; म्हणजे पाया एक असणे हे आपोआप श्रेयस्कर ठरत नाही. बौद्ध उत्तरही बव्हंशी होकाराचेच आहे. मात्र त्याचा आशय नीट न कळल्यास जुनाच कर्मविपाक धम्माच्या नावाने घरात शिरतो.

जे आहे ते हेतुप्रत्ययांनी आहे. तथागत उत्पन्न होवोत वा न होवोत, हा नियम टिकून असतो, असे संयुत्तनिकायातील पच्चयसुत्त सांगते. तृष्णेतून दुःख उपजते, हे विधान वस्तुस्थितीचे आहे आणि आचाराचे दिग्दर्शनही. वासेट्ठसुत्तात तथागत गवत, कीटक, मासे, पक्षी यांची जन्मजात लक्षणे दाखवितात आणि माणसामाणसांत तशी लक्षणे नाहीत, येथे भेद केवळ व्यवहाराचा आहे, असे निदर्शनास आणतात. साध्या निरीक्षणाने वर्णाचा दावा कोसळतो! त्याच सुत्तात कर्म यथार्थ पाहणाऱ्यास पटिच्चसमुप्पाद जाणणारा म्हटले आहे.

आता आपल्या खानदेशातील घटना घ्या. १९२९ च्या ऑक्टोबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला घेऊन टांगा हाकण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला. तडजोड अशी झाली, की टांगा मिळेल, हाकणारा मिळणार नाही. वस्तीतल्याच एका अननुभवी माणसाने लगाम हाती घेतला. नदीवरील मोरीवर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले.

हे कोणत्या नियमाने घडले? पूर्वजन्मीच्या पापाने, असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. सीवकसुत्तात तथागतांनी वेदनेची आठ कारणे सांगितली. पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतू, विषम आचरण, आघात; आणि कर्मविपाक हे त्यांतील केवळ एक. सर्व काही पूर्वकर्मानेच घडते, हे मत त्यांनी स्पष्टपणे नाकारले. अट्ठकथाकारांनी पुढे उतु, बीज, कम्म, चित्त आणि धम्म असे पाच नियाम मानले. दीपनगरच्या वीजकेंद्रात कोळसा जळतो तो उतुनियामाने. राख कोणाच्या शिवारात टाकायची, हे मात्र माणसाची चेतना ठरविते. हाड मोडले ते फरशीच्या आघाताने. टांगेवाला जागेवर नव्हता तो जिवंत माणसांच्या कर्माने, आणि ते कर्म बदलता येण्याजोगे होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेब कर्माला नैतिक व्यवस्थेचे साधन मानतात आणि गतजन्माच्या कर्माने आजची दुर्दशा समजावून सांगणे नाकारतात, ते याच अर्थाने.

एक अडचण मात्र उरते. वस्तुस्थितीवरून कर्तव्य कसे निघते, हा डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात उपस्थित केलेला प्रश्न पटिच्चसमुप्पादाने पूर्णपणे सुटतो, असे मला वाटत नाही. दुःखाची कारणे जाणणारा मनुष्य ते ज्ञान दुसऱ्यास दुःख देण्यासाठीही वापरू शकेल. सद्धम्मात केवळ प्रज्ञा पुरेशी नाही, तिच्यासोबत शील, करुणा आणि मैत्री हवीत, हा बाबासाहेबांचा आग्रह येथे कळतो. वेळुद्वारच्या गृहस्थांना उपदेश करताना तथागतांनीही नियमापासून नव्हे, तर स्वतःपासून आरंभ केला: मला जे अप्रिय, ते दुसऱ्यालाही अप्रिय, मग ते मी त्याच्यावर कसे लादू?