जहाजावरचं सॅलड आणि तुमचा धंदा: भाजी धुणारी मशीन नेमकं करते काय?



कापलेली भाजी, सॅलड बॉक्स, फ्रूट कप असा काही धंदा डोक्यात असेल, तर आधी क्रूझ जहाजाच्या किचनकडे बघा. त्याला गॅली म्हणतात.

मोठ्या जहाजावर हजारो माणसं रोज तिथलंच जेवतात. सॅलड शिजवत नाहीत, म्हणजे जंतू मारायला आच नाही. नोरोव्हायरससारखी लागण झाली तर बंद जागेत ती झपाट्याने पसरते. म्हणून अमेरिकन बंदरात येणाऱ्या क्रूझ जहाजांची तिथली सीडीसी ही संस्था अचानक तपासणी करते. १०० पैकी ८५ किंवा कमी गुण पडले की नापास! निकालही जाहीर होतो.

मशीन काय करते?

१. सडका माल माणूसच आधी बाजूला काढतो.
२. टाकीत पाणी घुसळून माती, किडे सुटे केले जातात.
३. डोसिंग पंप मोजून क्लोरीनसारखं जंतुनाशक सोडतो. काही मशीन मीठ-पाण्यात वीज सोडून ते जागेवरच बनवतात.
४. टायमर संपेपर्यंत भाजी बुडलेली राहते.
५. मग पिण्याच्या पाण्याने धुवून पाणी निथळवतात.

क्रम महत्त्वाचा आहे. मातीच क्लोरीन खाऊन टाकते, मग जंतूंसाठी उरणार काय?

मग मशीन हवीच का?

सुरुवातीला नाही. मशीनची खरी किंमत आहे ती रोज तेच माप, तीच वेळ यात. गर्दीच्या वेळी माणूस घाई करतो, टायमर करत नाही.

हेच तुम्ही दोन टब, टायमर आणि क्लोरीन टेस्ट स्ट्रिपवर करू शकता. आपल्याकडे एफएसएसएआयने भाजी-फळांसाठी ५० पीपीएम क्लोरीन सांगितलं आहे. ५ टक्के क्लोरीनचं द्रावण असेल तर १० लिटर पाण्याला १० मिली. द्रावण फूड ग्रेडच घ्या, लेबलवरची वेळ पाळा, आणि त्यात व्हिनेगर किंवा दुसरं क्लीनर कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. पाणी गढूळ झालं की बदला.

एक लक्षात ठेवा, धुण्याने जंतू कमी होतात, शून्य होत नाहीत. म्हणून स्वच्छ हात आणि फ्रीज हवाच.

प्रत्येक बॅचची तारीख, पीपीएम, मिनिटं वहीत लिहा. कॅन्टीनवाल्याने विचारलं, "स्वच्छतेची गॅरंटी काय?" तर वही पुढे करा. मशीनचं कोटेशन मागवण्याआधी महिनाभर ही वही भरून बघा!