गूगल फोटोज: काय फुकट, काय विकत, आणि १०० जीबी घ्यायचं का?

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. "गूगल फोटोज रोज 'स्टोरेज भरत आलंय' म्हणतंय. पैसे भरले तर नक्की काय मिळतं?" मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे रूममेटपासून मावशीपर्यंत सगळे हे मलाच विचारतात. म्हटलं, एकदाच नीट सांगून टाकू.

पैसे कशाचे?

फोटो बघायचे पैसे नाहीत. पैसे आहेत जागेचे. २०१५ मध्ये हे अ‍ॅप आलं तेव्हा 'हाय क्वालिटी'त कितीही फोटो फुकट ठेवता यायचे. १ जून २०२१ पासून ते बंद झालं. त्याआधी हाय क्वालिटीत चढवलेले फोटो आजही मोजले जात नाहीत. त्यानंतरचे मात्र, जुने काही पिक्सेल फोन सोडले तर, १५ जीबीत मोजले जातात.

आणि हे १५ जीबी एकट्या फोटोंचे नाहीत हं. जीमेल, ड्राइव्ह आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअप, सगळे एकाच डब्यात जेवतात. एक फोटो ४ एमबीचा धरला तर १५ जीबीत साधारण पावणेचार हजार फोटो बसतात. गणपतीच्या मिरवणुकीचे व्हिडिओ काढलेत तर त्याहून खूप कमी.

खरी गोम पुढे आहे. डबा भरला की फक्त फोटोंचा बॅकअप थांबत नाही, जीमेलवर मेल येणं-जाणंही थांबतं. प्लेसमेंटच्या दिवसांत इंटरव्ह्यूचा मेल परत गेला तर? म्हणून ती सूचना डाव्या हाताने सरकवून टाकू नका.

नवीन फीचर्सचं काय?

इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. फोटोत मागे आलेला माणूस पुसणारं मॅजिक इरेजर २०२१ मध्ये पिक्सेल ६ सोबत आलं. २०२३ मध्ये ते गूगल वनचे पैसे भरणाऱ्यांना मिळालं. मे २०२४ पासून ते सगळ्यांसाठी फुकट व्हायला लागलं. हललेला फोटो सुधारणारं फोटो अनब्लरही त्यातच. मॅजिक एडिटरही तेव्हाच खुलं झालं, पण फुकटवाल्यांना महिन्याला १० फोटो सेव्ह करायची मर्यादा घालून.

म्हणजे फक्त इरेजरसाठी प्लॅन घेत असाल तर थांबा. ते कदाचित तुमच्या फोनमध्ये आधीच आहे. फोटो उघडा, एडिट दाबा आणि बघा. फोन फार जुना किंवा कमी रॅमचा असेल तर मात्र दिसणार नाही.

दर

भारतात गूगल वनचे नेहमीचे दर असे:

- १०० जीबी: महिना १३० रुपये, वर्षाला १,३००
- २०० जीबी: महिना २१०, वर्षाला २,१००
- २ टीबी: महिना ६५०, वर्षाला ६,५००

ऑफर आणि दर बदलत असतात, घेताना अ‍ॅपमध्ये एकदा बघून घ्या. वर्षाचे एकदम भरले तर दोन महिन्यांचे पैसे वाचतात. शिवाय घरातल्या आणखी पाच जणांना त्यात घेता येतं. सहा जणांत १,३०० रुपये म्हणजे माणशी वर्षाला २१७. घाबरू नका, वाटली जाते ती जागा. तुमचे फोटो आई-बाबांना दिसत नाहीत!

पैसे भरण्याआधी हे करा

पहिलं, बॅकअपची क्वालिटी 'स्टोरेज सेव्हर' करा. १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो आणि १०८०पीपेक्षा मोठे व्हिडिओ लहान होतात. मोबाइलवर बघताना सहसा फरक कळत नाही. लग्नाच्या अल्बमची मोठी प्रिंट काढायची असेल तर ओरिजिनलच ठेवा.

दुसरं, 'मॅनेज स्टोरेज'मध्ये जाऊन मोठे व्हिडिओ आणि स्क्रीनशॉट काढून टाका. व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपमधून व्हिडिओ वगळा.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. 'फ्री अप स्पेस' हे बटण फोनमधली जागा रिकामी करतं, क्लाउडमधली नाही. उलट, गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केला तर तो फोन आणि क्लाउड दोन्हीकडून जातो. बिनमध्ये ६० दिवस असतो, मग कायमचा गेला. "क्लाउडवर आहे ना" म्हणत आजीचे फोटो उडवू नका.

मग घ्यायचं का?

माझं मत सरळ आहे. साफसफाईनंतर तीन-चार जीबी मोकळे झाले तर सध्या काही घेऊ नका. घरात दोघा-तिघांचे डबे भरले असतील तर १०० जीबीचा वर्षाचा प्लॅन मिळून घ्या. २ टीबी रोज व्हिडिओ शूट करणाऱ्यांसाठी. आणि काहीही घेतलं तरी, जे फोटो गमावणं परवडणार नाही त्यांची एक कॉपी हार्ड डिस्कवर ठेवाच.

आज रात्री तुमचे किती जीबी भरलेत ते बघा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!