शरीफजी : एका दुर्मीळ नावाची कुळकथा

खुलताबाद तालुक्यात वेरूळ आहे. घृष्णेश्वराइतकीच ही भोसल्यांचीही जागा. छत्रपती शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इथलेच.

परंपरा सांगते, की मालोजी आणि उमाबाई यांना बराच काळ मूल नव्हतं. त्यांनी अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) शाह शरीफ या पिराला नवस केला. पुढे दोन मुलगे झाले, तेव्हा पिराचं नाव दोघांत वाटून दिलं: थोरला शहाजी, धाकटा शरीफजी. नवसाच्या देवाचं नाव मुलाला ठेवायची आपली जुनी रीत. इथे देवाच्या जागी पीर आहे, एवढंच. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण त्या काळची घरगुती श्रद्धा तिच्यात उघड दिसते.

‘शरीफ’ मूळचा अरबी. अर्थ कुलीन, प्रतिष्ठित. ‘शाह’ फारसी, म्हणजे राजा. दोन्हींना आपला आदराचा ‘जी’ लागला आणि नावं अस्सल मराठी झाली. पिराजी हे नाव असंच घडलं. ज्ञानेश्वर माउलींचा पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबांच्या नावातला ‘हैबत’ही अरबीच, म्हणजे दरारा.

शहाजी हे नाव आजही गावोगाव ऐकू येतं. शरीफजी मात्र क्वचितच. 1624 साली भातवडीच्या लढाईत, निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या बाजूने लढताना, शरीफजीराजे धारातीर्थी पडले. मोगल आणि आदिलशाही फौजांचा तिथे पराभव झाला. त्या विजयाचं श्रेय त्याच लढाईत असलेल्या शहाजीराजांइतकंच या धाकट्या भावालाही द्यायला हवं.