डेटाबेस कुठाय? इथंच, शेजारी!

कुबरनेटीसवर चालणाऱ्या एखाद्या ॲपच्या कॉन्फिगमध्ये डोकावून बघा. डेटाबेसचा पत्ता लिहिलेला असतो १२७.०.०.१, पोर्ट ५४३२. म्हणजे ॲपच्या समजुतीप्रमाणे डेटाबेस त्याच्या उशाशीच बसलाय. खरा डेटाबेस असतो गूगलच्या क्लाउड एसक्यूएल सेवेत, वेगळ्या मशिनवर, बहुतेकदा वेगळ्या नेटवर्कात. ही थाप पचते ती एका चिमुकल्या प्रोग्रॅममुळे. त्याचं नाव क्लाउड एसक्यूएल ऑथ प्रॉक्सी. गो भाषेत लिहिलेला, ओपन सोर्स, आणि ॲपच्याच पॉडमध्ये दुसरा कंटेनर म्हणून बिऱ्हाड थाटणारा. ॲप त्याच्याशी साध्या, उघड्या भाषेत बोलतं. तो ते सगळं कुलूपबंद करून डेटाबेसपर्यंत नेतो. काम म्हणाल तर एवढंच. पण त्याच्या खोडी भारी आहेत.

झोपा काढणारा तिसरा

पॉडमध्ये ॲप आणि प्रॉक्सी असे दोघंच दिसतात, पण राहतात तिघं. तिसऱ्याचं नाव ‘पॉज’. हा कंटेनर सगळ्यांच्या आधी येतो, पॉडचं नेटवर्क आपल्या नावावर धरून ठेवतो आणि झोपतो. त्याची इमेज एक एमबीसुद्धा भरत नाही. ॲप कोसळून पुन्हा उठलं तरी पॉडचा आयपी बदलत नाही, कारण तो मुळात या झोपाळूच्या ताब्यात असतो. आणि सगळ्यांचं नेटवर्क एकच असल्यामुळे ‘१२७.०.०.१’ म्हटलं की ॲपला प्रॉक्सी भेटतो.

जाता जाता: १२७ने सुरू होणारे सगळेच पत्ते ‘माझं मीच’साठी राखून ठेवलेत. मोजले तर १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. त्यातला सर्रास वापरात एक. बाकी बहुतेक पडून.

इथंच एक खास मायएसक्यूएलवाल्यांचा खड्डा आहे. लिनक्सवर मायएसक्यूएलच्या मूळ क्लायंटला पत्ता म्हणून ‘लोकलहोस्ट’ दिलात तर तो नेटवर्कने जातच नाही, थेट सॉकेट फाइल शोधायला लागतो. प्रॉक्सी बिचारा ३३०६ वर कान लावून बसलेला, आणि ॲप ओरडतंय की सॉकेट सापडत नाही! ‘लोकलहोस्ट’ खोडून १२७.०.०.१ लिहा, कनेक्शन लागतं. दोन्हींचा अर्थ एकच, असं शपथेवर सांगणारी माणसं इथं हमखास आपटतात.

तासाभराचं सर्टिफिकेट

प्रॉक्सी सुरू झाला की स्वतःपुरती आरएसए किल्ल्यांची जोडी बनवतो. त्यातली सार्वजनिक किल्ली गूगलच्या ॲडमिन एपीआयकडे पाठवतो. खासगी किल्ली प्रॉक्सीच्या बाहेर पडत नाही. एपीआय आधी तपासतं, की विचारणाऱ्याच्या सर्व्हिस अकाउंटला ‘क्लाउड एसक्यूएल क्लायंट’ ही भूमिका आहे का. असेल तर सर्टिफिकेट देतं, मुदत फक्त एक तास. ते संपायच्या आत प्रॉक्सी गुपचूप नवं आणतो आणि ॲपला पत्ताही लागत नाही. वर सगळा संवाद टीएलएस १.३मधून. कुणी ते सर्टिफिकेट खासगी किल्लीसकट लांबवलं, तरी चोराला मजा मारायला तासभर.

आता ही ओळख पटवायची कशी? जुनी पद्धत म्हणजे सर्व्हिस अकाउंटची जेसन फाइल कंटेनरमध्ये ठेवायची. ही फाइल कधी ना कधी गिटमध्ये चढते, हा निसर्गनियमच म्हणा. ती कुबरनेटीसच्या सीक्रेटमध्ये ठेवली की लोकांना हायसं वाटतं. पण सीक्रेट म्हणजे नुसतं बेस६४. एका कमांडीत उलगडतं. वेगळी सोय केली नाही तर क्लस्टरच्या पोटातही ते एन्क्रिप्ट न होताच पडून असतं. नावाला सीक्रेट! म्हणून गूगलच्या क्लस्टरवर हल्ली ‘वर्कलोड आयडेंटिटी’ वापरतात. पॉडची ओळख थेट क्लाउडलाच ठाऊक, फाइलची भानगडच नाही.

ॲमेझॉनवाले मुदतीच्या बाबतीत आणखी चिकट. तिथं आयएएमने डेटाबेसात शिरायचं असेल तर टोकन मिळतं १५ मिनिटांचं.

तासाच्या हिशेबातली एक गंमत गूगलच्या क्लाउड रन सेवेवर दिसते. तिथं विनंती नसताना कंटेनरचा सीपीयू आवळून ठेवता येतो. मग सर्टिफिकेट बदलायची वेळ झाली तरी प्रॉक्सीला हालचाल करता येत नाही, आणि पहिला ग्राहक येतो तेव्हा हातात मुदत संपलेला कागद. यावर तोडगा म्हणून प्रॉक्सीला ‘लेझी रिफ्रेश’ नावाचा फ्लॅग आहे: आगाऊ धावपळ करायची नाही, गरज पडेल तेव्हाच नवं आणायचं. आळसाला अधिकृत दर्जा देणारी ही सोय आपल्याला मनापासून आवडली.

हा एवढा सोवळेपणा कशाला, असं वाटत असेल तर जानेवारी २०१७ आठवा. इंटरनेटवर बिनपासवर्डाचे उघडे ठेवलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस कुणीतरी पुसून टाकले आणि मागे चिठ्ठी सोडली: डेटा हवा असेल तर बिटकॉइन पाठवा. त्यासाठी हॅकिंग असं फारसं करावंच लागलं नव्हतं. दार सताड उघडंच होतं.

३३०७चं गौडबंगाल

मायएसक्यूएलचं पोर्ट ३३०६, पोस्टग्रेसचं ५४३२, एसक्यूएल सर्व्हरचं १४३३. प्रॉक्सी पॉडच्या आत हेच आकडे दाखवतो. पण बाहेर पडून क्लाउड एसक्यूएलचं दार ठोठावतो ते ३३०७ वर, आणि तिन्ही डेटाबेसांसाठी तेच! क्लाउड एसक्यूएलचा जन्म २०११चा आणि तोही निव्वळ मायएसक्यूएल घेऊन. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर मागाहून आले. थोरल्याच्या शेजारचा आकडा धाकट्यांच्याही वाट्याला आलेला दिसतो. गूगलच्याच अलॉयडीबीचा प्रॉक्सी मात्र ५४३३ वर जातो. पोस्टग्रेस अधिक एक.

योगायोग असा की इंटरनेटच्या अधिकृत यादीत ३३०७ हा आकडा भलत्याच कुणाच्या नावावर आहे, आणि त्या नावातही ‘प्रॉक्सी’च आहे.

ऑफिसात याचा तमाशा ठरलेला. नेटवर्कवाल्यांना सांगितलं जातं, पोस्टग्रेसला जायचंय. ते फायरवॉलमध्ये ५४३२ उघडतात आणि तिकीट बंद करतात. कनेक्शन लागत नाही. “उघडलंय की!” “नाही लागत हो!” अशा दोनचार फेऱ्या झाल्यावर कुणीतरी दस्तऐवज वाचतो, आणि मग ३३०७ आणि ॲडमिन एपीआयसाठी ४४३ अशी दोन पोर्टं उघडली जातात. ५४३२ उघडं राहतं ते राहतंच. ते बंद करायला कोणी तिकीट टाकत नाही.

“रेडी” म्हणाला, म्हणून काय झालं?

पॉड बघावा तर २/२ रनिंग. प्रॉक्सीचा लॉग बघावा तर झोकात लिहिलेलं, की मी यशस्वीपणे सुरू झालोय आणि नव्या कनेक्शनांसाठी सज्ज आहे, पुढे उद्गारचिन्हसुद्धा. आणि ॲप? टाइमआउट, टाइमआउट, टाइमआउट.

प्रॉक्सी खोटं बोलत नाही. तो खरोखरच सज्ज असतो, पॉडच्या आत ऐकायला. डेटाबेसपर्यंत रस्ता आहे की नाही हे त्याने पाहिलेलंच नसतं, कारण पहिलं कनेक्शन येईपर्यंत तो तिकडे जात नाही. सुरुवातीलाच जाऊन बघून ये, असं सांगणारा वेगळा फ्लॅग आहे, पण तो आपणहून लावावा लागतो. आणि रस्ता बांधणं हे प्रॉक्सीचं काम मुळातच नाही. डेटाबेसला फक्त खासगी आयपी असेल तर प्रॉक्सीही त्या खासगी नेटवर्कात पोचणाऱ्या जागी बसलेला हवा, आणि ‘प्रायव्हेट आयपी’चा फ्लॅगही हवा. प्रॉक्सी लावला म्हणजे लॅपटॉपवरून खासगी डेटाबेस दिसेल, ही आशा दर महिन्याला कुणीतरी नवा माणूस बाळगतो. ओळख पटवायची आणि संवाद झाकायचा, या दोन कामांपलीकडे याच्याकडून काही मागूच नका. निम्म्याहून अधिक रडारड तिथंच थांबेल.

शेअर रिक्षा हवी असेल तर

दुसरा हमखास गैरसमज: प्रॉक्सी आहे म्हणजे कनेक्शनांची काटकसर होत असणार. छे! ॲपने दहा मागितली तर हा डेटाबेसाकडे दहाच उघडतो. प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्र रिक्षा. पोस्टग्रेसमध्ये तर प्रत्येक कनेक्शनमागे सर्व्हरवर एक अख्खी प्रोसेस उभी राहते, आणि मूळ पोस्टग्रेसची ठरलेली मर्यादा आहे १००. ॲपच्या पूलमध्ये १० कनेक्शनं आणि सेलच्या दिवशी ऑटोस्केलिंगने झाले २० पॉड, की २०० जण दारात. ॲप वाढतं आणि डेटाबेस हात जोडतो.

शेअर रिक्षाची सोय, म्हणजे तीच रिक्षा आणि माणसं बदलती, ही पीजीबाउन्सर नावाच्या प्रोग्रॅमची. तो जन्मला स्काइपमध्ये, २००७ साली. व्हिडिओ कॉलवाल्यांनी डेटाबेसवाल्यांना दिलेली देणगीच म्हणायची. ॲमेझॉनने डिसेंबर २०१९मध्ये जाहीर केलेला आणि जून २०२०मध्ये सगळ्यांना खुला केलेला आरडीएस प्रॉक्सीही हेच पूलिंग करतो. गूगलचा आणि ॲमेझॉनचा, नाव दोघांचं प्रॉक्सी, धंदे वेगळे. आरडीएस प्रॉक्सी सार्वजनिक इंटरनेटवर ठेवताच येत नाही, हेही त्याचं एक वैशिष्ट्य.

नाव लांबलं, शेपूट कापलं

पासवर्डाऐवजी सर्व्हिस अकाउंटनेच डेटाबेसात लॉगिन करता येतं. मात्र त्या अकाउंटचं नाव म्हणजे लांबलचक ईमेल पत्ता, आणि पोस्टग्रेस ६३ बाइटांपलीकडचं नाव घेत नाही. म्हणून शेवटचं ‘.जीसर्व्हिसअकाउंट.कॉम’ कापायचं. मायएसक्यूएलची ऐपत ३२ अक्षरांची, त्यामुळे तिथं ‘ॲट’च्या चिन्हासकट मागचं सगळंच कापायचं. एकच अकाउंट, दोन डेटाबेसांत दोन नावं.

सॉकेट फाइलवाल्यांची वेगळीच कथा. लिनक्सवर सॉकेटचा पूर्ण पत्ता १०८ बाइटांत बसावा लागतो, मॅकवर १०४. त्यात डिरेक्टरी, प्रोजेक्ट, प्रदेश, इन्स्टन्स, वर पोस्टग्रेसची ठरलेली शेपटी. हौसेने ठेवलेली लांब नावं इथं नडतात.

प्रदेशावरून आठवलं. इन्स्टन्सच्या नावात मधोमध ‘एशिया-साउथ१’ दिसलं तर तो डेटाबेस आपल्या मुंबईत आहे. गूगलचं मुंबई केंद्र २०१७चं, ॲमेझॉनचं जून २०१६चं. मायक्रोसॉफ्ट त्याही आधी, २०१५मध्ये आलं, आणि त्यांच्या नकाशात ‘सेंट्रल इंडिया’ म्हणजे पुणे. पुणेकरांना यात नवल वाटायचं काही कारण नाही.

जाता जाईना

रात्री एकदा चालणारा जॉब घ्या. ॲपचं काम झालं, कंटेनर शहाण्यासारखा बंद पडला. प्रॉक्सीला मात्र घरी जायचं असतं हे ठाऊकच नाही. सकाळी बघावं तर पॉड १/२, नॉटरेडी, जॉब ‘चालू’. वर्षानुवर्षं लोकांनी यावर शेल स्क्रिप्टांची ठिगळं लावली. मग प्रॉक्सीला एक अधिकृत दरवाजा मिळाला: ९०९१ पोर्टवर ‘क्विटक्विटक्विट’ अशी विनंती पाठवायची की तो जातो. एकदा सांगून ऐकत नाही म्हणून तीनदा! हाच मंत्र एन्व्हॉय प्रॉक्सीलाही लागू पडतो.

खरा इलाज कुबरनेटीसने ऑगस्ट २०२३मध्ये, १.२८ आवृत्तीत आणला आणि एप्रिल २०२५मध्ये, १.३३मध्ये तो पक्का झाला. इलाज म्हणजे उलटा कारभार आहे. ‘इनिट कंटेनर’ हे ॲपच्या आधी चालून संपणारे. त्यांच्या यादीत प्रॉक्सी टाकायचा आणि वर लिहायचं ‘नेहमी रीस्टार्ट’. संपणाऱ्यांच्या रांगेत न संपणारा! पण त्याने दोन कामं होतात. प्रॉक्सी ॲपच्या आधी उठतो, आणि ॲप गेलं की निमूट आवरतो.

अशा शेजारी कंटेनरला सगळे साइडकार म्हणतात. काटेकोर बोलायचं तर कुबरनेटीसच्या जनकांपैकी ब्रेंडन बर्न्स यांनी डेव्हिड ओपेनहायमर यांच्यासह २०१६मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधात, ॲपच्या वतीने बाहेर बोलणाऱ्याला ‘ॲम्बॅसिडर’ म्हटलंय. पण एवढा मान कोण देतो? प्रॉक्सी वेगळ्या पॉडमध्ये ठेवून सगळ्या ॲपांत वाटून घ्यायचा मोहही होतो. तसं केलंत तर ॲप ते प्रॉक्सी हा टप्पा उघड्यावर येतो, आणि क्लस्टरमध्ये ज्याचा हात त्या पोर्टापर्यंत पोचला, तो प्रॉक्सीच्या ओळखीवर डेटाबेसाच्या दारात.

आत डोकावायला बॅश मागाल, तर मिळणार नाही. प्रॉक्सीची नेहमीची इमेज डिस्ट्रोलेस आहे, शेलच नाही. चोर आत शिरला तरी त्यालाही ‘एलएस’ चालवता येत नाही, हे एक समाधान.

आणि गूगलून सापडलेली वायएएमएल चिकटवण्याआधी प्रोग्रॅमच्या नावातली रेघ बघा. दुसऱ्या आवृत्तीत ‘क्लाउड-एसक्यूएल-प्रॉक्सी’ असं आडव्या रेघेने लिहितात, आणि इन्स्टन्सचं नाव फ्लॅगविना, सरळ शेवटी देतात. अंडरस्कोर आणि ‘इन्स्टन्सेस’चा फ्लॅग दिसला तर तो पहिल्या आवृत्तीचा शिळा माल आहे, नव्या इमेजवर तो चालत नाही.