पंचकर्म विभागातील परिचारिकांचे प्रशिक्षण : वहीतून हातात

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपणा सर्वांस पाठ आहेत. उपचारज्ञता, दक्षता, रुग्णाविषयी आस्था व शौच हे उपस्थात्याचे गुणही चरकसंहितेत सांगितले आहेत. तथापि हे गुण परिचारिकेच्या अंगी यावेत म्हणून आपण काय करतो, याचा विचार क्वचितच होतो.

सामान्य परिचर्येत निष्णात असलेली परिचारिका पंचकर्म विभागात नवखीच असते. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागात अशाच एका परिचारिकेने नुकत्याच जेवलेल्या रुग्णास निरूह बस्ती दिला. रुग्णास उलट्या झाल्या, पोटात मुरडा आला. सुदैवाने सायंकाळपर्यंत आराम पडला. निरूह रिकाम्या पोटी व अनुवासन जेवणानंतर, हा भेद तिच्या वहीत लिहिलेला होता. दोष तिचा नव्हता. केवळ व्याख्यान देऊन थांबलेल्या आमचा होता.

सुश्रुतसंहितेच्या योग्यासूत्रीय अध्यायात बस्तिनेत्र घालण्याचा व बस्ती दाबण्याचा सराव पाण्याने भरलेल्या घटाच्या छिद्रावर आणि भोपळ्याच्या मुखावर करण्यास सांगितले आहे. त्याच मार्गाने आम्ही आता तीन पायऱ्यांनी शिकवतो.

पहिली पायरी द्रव्याची. मध, सैंधव, स्नेह, कल्क आणि शेवटी क्वाथ, या क्रमाने मिश्रण परिचारिकेने स्वतः घोटावे व ते सुखोष्ण असल्याची खात्री करावी.

दुसरी पायरी सरावाची. काचेच्या भांड्यातील पाण्यात नेत्र बुडवून बस्ती दाबावा. द्रव्य पूर्ण रिकामे केल्यास शेवटी बुडबुडे दिसतात. थोडे द्रव्य शेष का ठेवावे, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरी पायरी रुग्णाजवळची. आरंभी वैद्याच्या देखरेखीखालीच बस्ती द्यावा. तत्पूर्वी रुग्णाचे नाव, बस्तीचा प्रकार व शेवटच्या आहाराची वेळ परिचारिकेने मोठ्याने सांगावी. बस्ती दिल्याची व परत आल्याची वेळ तिने नोंदवावी. निरूह एका मुहूर्तात, म्हणजे 48 मिनिटांत, परत न आल्यास वैद्यास तत्काळ कळवावे.

औषधालय चालवणाऱ्या बंधुभगिनींनीही बस्तिद्रव्याच्या वेष्टनावर ‘जेवणापूर्वी’ अथवा ‘जेवणानंतर’ असे ठळक मराठीत छापल्यास मोठे साहाय्य होईल. वैद्यमित्रांना विनंती एवढीच की, पुढील बस्तीचा आदेश देण्यापूर्वी तो देणारा हात आपण स्वतः एकदा पाहावा.