सिस्टिक फायब्रोसिस: कफात मुरलेले जंतू
निरोगी फुप्फुसांत जंतू नसतातच, हा समज आता जुना झाला. थोडे असतात, पण टिकत नाहीत. पातळ कफासोबत बाहेर ढकलले जातात. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये सीएफटीआर जनुकातल्या दोषामुळे कफ घट्ट, चिकट होतो आणि जंतूंचे फावते. लहानपणी बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, पुढे स्यूडोमोनास एरुजिनोसा. हा दुसरा महाचिवट! स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करून प्रतिजैविकांना दाद देत नाही. आजार बळावतो तशी श्वासमार्गातल्या जंतूंची विविधता घटते. अखेरीस एखाद-दुसऱ्या जातीचेच राज्य उरते. जंतूंची देवाणघेवाण टाळण्यासाठी दोन रुग्णांना जवळ बसू देत नाहीत. समदुःखी असून भेट नाही, हे क्रूरच. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या तीन औषधांच्या उपचाराने कफ सैल होतो, पण मुरलेला स्यूडोमोनास अनेकांत ठाण मांडूनच राहतो.